सलोमीबाईंची साक्ष

"...आणि त्या माणसानं," मी माइक तोंडाजवळ ओढला, "दारूच्या धुंदीत स्वतःच्या चार वर्षांच्या लेकीचा हात पिरगाळला. काडकन आवाज झाला. तो आवाज, बंधुभगिनींनो, अजून माझ्या कानात आहे."

मांडव चिडीचूप झाला. या वाक्यानंतर मी नेहमी थांबायची. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, पुरुष मान खाली घालायचे. तेवढं झालं, की मी पहिल्या रांगेकडे हात करून म्हणायची, "तोच माणूस आज इथं बसलाय. एकोणीस वर्षं झाली, थेंबाला शिवलेला नाही." मग हे उभे राहायचे, लोकांना हात जोडायचे आणि पुन्हा खाली बसायचे. लोक माना उंच करून यांना बघून घ्यायचे. टाळ्या, हालेलूया, आमेन.

त्या जानेवारीत आमच्या सारोळ्याच्या उज्जीवन सभेत मी अशीच थांबले होते आणि त्या शांततेत एक खुर्ची करकरली. चौथ्या रांगेतून दुर्कस उठली. तिनं पिशवी खांद्याला लावली, शेजारणीला पाय आवरायला सांगितलं आणि भर सभेतून चालत बाहेर गेली. घाई नाही, काही नाही. दवाखान्यातली पाळी संपवून निघावं तशी.

माझं पुढचं वाक्य अडखळलं. कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

दुर्कस उजागरे आणि मी नऊ वर्षांच्या असल्यापासून बरोबर. मिशनच्या बोर्डिंगात आमच्या पेट्या शेजारीशेजारी. पुढं मी बालवाडीची बाई झाले, ती मिशनच्या दवाखान्यात नर्स लागली. लग्नानंतर तीन वर्षांतच तिचा नवरा काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. ती मिशनच्या कंपाउंडातल्या खोलीत एकटी राहिली, आणि आमची खोली तिच्या भिंतीला भिंत. माझ्या घरातलं तिला ठाऊक नाही असं काही नव्हतं. आमचे हे, शांतवन हिवाळे, विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. हात सोन्याचे, पण त्या काळात आठवड्यातले चार दिवस पिऊन पडलेले असायचे. मी उपाशी राहिले तेव्हा भाकरी दुर्कसनंच भिंतीवरून दिलेली आहे.

मग यांची दारू सुटली, आणि काही वर्षांनी पाळकसाहेबांनी मला मंडळीत, चर्चच्या लोकांपुढं, साक्ष द्यायला सांगितलं. मला गोष्ट सांगायचं अंग होतं. रोज तीस पोरांना गप्प बसवायची मी. एका मंडळीतून दुसरीत बोलावणं गेलं. जालना, संगमनेर, एकदा थेट मिरज. न्यायला जीप यायची. कागदावर छापलेलं असायचं, 'भगिनी सलोमी हिवाळे यांची जिवंत साक्ष'. आणि जिथं मी जायची तिथं यांना बरोबर यावंच लागे. ते नसले तर साक्ष कसली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुर्कसच्या ओट्यावर जाऊन बसले. ती मेथी निवडत होती. तिनं अर्धी जुडी माझ्यापुढं सरकवली.

"काल बरं नव्हतं का गं तुला?"

"बरी होते."

"मग उठून का गेलीस?"

"ऐकवेना."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. "इतक्या वेळा ऐकलंस, कंटाळा आला असेल."

"सलू," ती म्हणाली, "तू त्यांना उभं करतेस ना, तेव्हा त्यांच्या पायांकडे बघितलंस कधी? चपलेतून अंगठा काढून जमीन उकरत असतात. शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखे."

"देवाचं गौरव होतं त्यातून. काल सात जण पुढं आले. दारू सोडतो म्हणून गुडघे टेकले त्यांनी."

"आले असतील. चांगलंच झालं. पण ते तसं घडलं नव्हतं."

"काय?"

"हाताचं."

मी मेथीची काडी मोडली. ती मोडल्याचा आवाजसुद्धा मला नको वाटला.

"मी इथं, या ओट्यावर होते," दुर्कस म्हणाली. "तांदूळ निवडत होते. मी तुला बघितलं, आणि मी बघितल्याचं तू बघितलंस."

"एकोणीस वर्षांनी आठवलं का?"

"रोज आठवतं. मी गप्प बसले, ते माझं चुकलं. म्हटलं, दारू सुटलीय, असू दे. घरातली गोष्ट घरात राहील. मग तू ती मंडळीत आणलीस. पहिल्यांदा नुसतं 'हात मोडला' म्हणालीस. पुढच्या वर्षी 'पिरगाळला' आलं. मग 'काडकन' आलं. काल मला वाटलं, मी ऐकत बसलेय म्हणजे मीही तुझ्याबरोबर तेच सांगतेय."

"मग काय करू म्हणतेस? माइकवर जाऊन सांगू?"

"माइकवर नको. आधी त्यांना सांग. घरात, दार लावून. मग कृपाला सांग. पोर मोठी झाली, तिला कळू दे."

"आणि परत प्यायला लागले म्हणजे? ज्या दिवशी कळलं त्या दिवशी सोडली त्यांनी. तेच काढून घेतलं तर उभे राहतील का ते?"

दुर्कसनं निवडलेली मेथी बाजूला सारली. "भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "पण त्यांना काय वाटतं ते तू बघत नाहीस. एवढ्या वर्षांत त्यांनी पोरीला कधी जवळ घेतलं का? डोक्यावरून हात फिरवला? त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटते, सलू."

मला खरं तर तिथंच थांबता आलं असतं. पण माझ्या अंगात कालच्या टाळ्या होत्या. मी उठले, पदर झटकला आणि म्हणाले, "नवरा असता ना तुला, तर कळलं असतं. एकटीनं राहणाऱ्या बाईनं दुसऱ्याचा संसार शिकवू नये."

तिचा चेहरा पांढरा झाला. तरी ती ओरडली नाही. "असेल तसं," म्हणाली. "मी त्यांना काही सांगणार नाही. ते तुलाच सांगितलं पाहिजे. पण यापुढं तू ते बोलायला लागलीस, की मी उठून जाईन. प्रत्येक वेळी."

मी तिथून निघाले ती सरळ पाळकीणबाईंकडे गेले. कंपाउंडात दर गुरुवारी बायकांची प्रार्थना असे आणि ती गेली चौदा वर्षं दुर्कस चालवत होती. मी पाळकीणबाईंसमोर डोळ्यांत पाणी आणलं. आणलं म्हणजे आलंच ते, पण मी ते आवरलं नाही. "दुर्कसच्या मनात कडवटपणा शिरलाय," मी सांगितलं. "माझं चांगलं झालेलं तिला बघवत नाही. भर सभेतून उठून गेली, तुम्ही बघितलंतच. अशा मनानं प्रार्थना चालवणं बरं नव्हे."

पाळकीणबाई भोळ्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी गीतांचं पुस्तक दुर्कसच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना सांगितलं, की दुर्कसताईंना जरा विश्रांतीची गरज आहे. दुर्कस "बरं" म्हणाली. उठून दुसऱ्या टोकाला, दारापाशी, चपलांजवळच्या सतरंजीवर बसली. त्यानंतरचा एकही गुरुवार तिनं चुकवला नाही. ती गायची, आमेन म्हणायची, आणि प्रार्थना संपली की घरी जायची. तिच्यामाझ्यात बोलणं नव्हतं. भिंतीपलीकडून तिच्या भांड्यांचा आवाज यायचा तेवढाच.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या कृपाचं लग्न ठरलं. ती नगरला शाळेत शिकवत होती. मुलगा, निर्मल, तिथलाच. घरचे लोक चांगले, देवभीरू. कृपाचा डावा हात कोपरात नीट सरळ व्हायचा नाही, म्हणून मी स्थळं बघताना घाबरत होते. पण त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. त्यांनी माझी साक्ष ऐकलेली होती.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी कृपा घरी आली. मी पापड वाळत घालत होते. ती माझ्याजवळ उकिडवी बसली, म्हणाली, "मम्मी, एक बोलायचंय. चर्चमध्ये मला मामा घेऊन येईल."

"मामा? का? पप्पा आहेत ना."

"नको मला पप्पा."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू?" तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "माझा हात कुणी मोडला हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तूच सांगितलंस. मी पाचवीत होते तेव्हापासून ऐकतेय. सभेत पोरी माझ्या हाताकडे वळूनवळून बघायच्या. त्याच माणसाच्या हातात हा हात घालून मी एवढ्या लोकांतून चालत येऊ? मी त्यांना क्षमा केलीय, मम्मी. रोज करते. पण हात नाही देववत."

मागं काहीतरी वाजलं. हे दारात उभे होते. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला होता.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "मामाला कळवा आजच. उंच आहे, कोट शोभतो त्याला."

तेव्हा मला बोलता आलं असतं. दोघंही समोर होती, तिसरं कुणी नव्हतं. भिंतीपलीकडून दुर्कसचा खोकला ऐकू आला. मी खाली बघितलं आणि पापड उलटे करत राहिले.

लग्नाच्या दिवशी सकाळीच हे म्हणाले, लाइटचा भरवसा नाही, मी जनरेटरजवळ थांबतो. चर्चच्या बाजूच्या दाराबाहेर त्यांनी भाड्यानं आणलेला जनरेटर ठेवला होता. अंगावर नवा सदरा होता, मी शिवून घेतलेला, आणि तो घालून ते इंजिनाजवळ उभे. मी पुढच्या बाकावर बसले. बाजा वाजला. माझा भाऊ कृपाला घेऊन आला. सगळी मंडळी उभी राहिली, आणि उभं राहताना माझी नजर बाजूच्या दारातून बाहेर गेली.

हे जनरेटरवर हात ठेवून आत बघत होते. त्यांच्या शेजारी दुर्कस उभी होती. ती सकाळपासून मागं भांड्यांशी होती, हात अजून ओले होते. आत जागा होती, तिला कुणी अडवलंही नसतं. पण ती आत आली नाही. लग्न लागेपर्यंत ती त्यांच्याजवळ तशीच उभी राहिली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. चर्चमध्ये सगळे दिवे लागलेले होते, पंखे फिरत होते. वीज गेलेली नव्हती. तरी जनरेटर चालू होता, आणि त्याच्या आवाजात मला शपथा ऐकू आल्या नाहीत.

निघताना कृपा माझ्या गळ्यात पडून रडली. मग ती यांच्यापुढं गेली आणि चार हातांवर थांबली. "येते, पप्पा," म्हणाली. यांनी तिला हात जोडले. सभेत लोकांना जोडायचे तसे. बापानं लेकीला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे गेले. हे अंगणात जनरेटर पुसत बसले होते, परत करायचा होता म्हणून. मी जाऊन समोर बसले. काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

"अहो, कृपाचा हात तुम्ही नाही मोडला."

त्यांचं फडकं चालूच राहिलं.

"मी मोडला," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. सभेत सांगायची तसं नाही. कुठं थांबायचं ते कळेना, आवाज चढवता येईना. मार्च महिना होता. हे भर दुपारी पिऊन आले आणि लिंबाखाली बाजेवर आडवे झाले. घरात पीठ नव्हतं. मी सकाळपासून उपाशी, डोकं फिरलेलं. कृपा ओट्यावर माझा पदर धरून उभी होती. यांना बघून ती "पप्पा, पप्पा" करत तिकडं धावायला लागली. तिला बाप आवडायचा, पिऊन आला तरी. मला ते सहन झालं नाही. मी तिचा डावा हात धरून तिला मागं खेचलं. तिनं हिसका दिला. मी रागानं हात झटकला आणि ती ओट्यावरून खाली दगडावर पडली. कोपर उलटं वळलं. शेजारच्या ओट्यावर दुर्कस तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसलेली. आमची नजरानजर झाली.

"मी कुठं होतो?" यांनी विचारलं. आवाज इंजिनातून आल्यासारखा होता.

"बाजेवर."

"उठलो नाही?"

"उठलात." हेच मला सांगायचं नव्हतं. हात मोडल्याचं सांगणं त्यापुढं सोपं होतं. "ती ओरडली तशी उठलात. मला तर पाय हलवता येईनात. तुम्ही तिला उचललंत आणि पळत सुटलात. अनवाणी. झोकांड्या खात होतात, पण पळत होतात. दुर्कस तुमच्यामागं धावली. दवाखाना दोन मैल. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाताचं रक्त थांबलं असतं, हात काढावा लागला असता. तुम्ही तिला टेबलावर ठेवलंत आणि बाहेर झाडाखाली जाऊन पडलात. संध्याकाळी लोकांनी घरी आणलं. सकाळी उठून तुम्ही तिचं प्लास्टर बघितलंत, विचारलंत, हे काय झालं? तुम्हाला काही म्हणजे काही आठवत नव्हतं."

"आणि तू म्हणालीस, तुम्हीच केलंत."

"हो."

त्यांनी फडक्याची घडी घातली. घडी जमेना, पुन्हा घातली. "मी तिला उचलून नेलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच नेलं."

ते उठले, पायात चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"दुर्कसबाईंकडे. त्यांना विचारतो."

"मी सांगतेय ना तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तू छान सांगतेस गं," ते म्हणाले आणि गेले.

दोन तास झाले तरी परत आले नाहीत. दुर्कसच्या दाराला कुलूप होतं. मला एकच दिसत होतं, गुत्ता. मी उंबऱ्यावर बसून राहिले. चार वाजता दोघं फाटकातून आत आली. हे उन्हानं लाल झाले होते, दुर्कसच्या हातात छत्री होती. यांनी तिला त्या दिवशीचा रस्ता दाखवायला सांगितलं होतं. कंपाउंडापासून दवाखान्यापर्यंत दोघं भर उन्हात चालत गेली होती, आणि परत आली होती. कुठं ते थांबले, कुठं तिनं पोर मागितली तरी त्यांनी दिली नाही, हे सगळं दुर्कसनं जागेवर उभं राहून सांगितलं होतं.

यांनी उजवी बाही वर केली. कोपराच्या मागं एक जुना, रुपयाएवढा वण होता. "ओढ्याच्या पुलाजवळ पडलो म्हणे मी," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. "हा तिथला. मी समजत होतो, इंजिनाचा चटका. पडताना पोरीला छातीवर धरलं होतं म्हणे. तिला लागू दिलं नाही."

मग माठाजवळ जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी घेतलं. "छातीवर धरलं होतं म्हणे," पुन्हा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ जायला उठले, तर दुर्कसनं मान हलवून मला नको म्हटलं.

ते प्यायले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. ज्या भीतीच्या नावानं मी एकोणीस वर्षं गप्प बसले, ती भीती तेवढ्या एका दुपारी संपली. त्यांनी मला वाईट शब्द बोलला नाही. वाईटच काय, नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले. बाज ओट्यावर टाकून झोपायला लागले.

तिसऱ्या दिवशी दुर्कस आमच्या दारात आली. "कृपाकडे कधी जायचं?"

"तू सांगशील का गं तिला?" मी विचारलं. "तुझं ऐकेल ती."

"नाही. तुलाच सांगायचंय. पण मी येते बरोबर."

नगरला कृपाच्या नव्या घरी पुढच्या खोलीत आम्ही बसलो. तिच्या हातांवरची हळद अजून गेलेली नव्हती. मी सांगत होते तशी ती उजव्या हातानं डावं कोपर दाबून धरत गेली. माझं झाल्यावर तिनं दुर्कसकडे बघितलं. दुर्कस म्हणाली, "खरं आहे, बाळ. मीही गप्प बसले. माझंही चुकलं."

"पप्पा बाहेर होते," कृपा म्हणाली. "माझं लग्न लागत होतं आणि ते बाहेर उभे होते. तू पुढच्या बाकावर होतीस ना, मम्मी?"

"होते."

"तुला दिसत होते?"

"हो."

ती उठून आतल्या खोलीत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. तिच्या सासूबाईंनी चहा आणला. त्यांना काही कळलेलं नव्हतं. आम्ही चहा घेतला, त्यांना सलाम केला आणि निघालो. कृपा बाहेर आली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या रविवारी कृपा एकटीच सारोळ्याला आली, घरात न येता सरळ यांच्या इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये गेली आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच बसली. काय बोलली ते मला कुणी सांगितलं नाही. हे अजून सात वर्षं जगले. शेवटी ती महिनाभर उशाशी होती. मी मंडळीत उभी राहून खरं ते सांगितलं. सांगून झालं तेव्हा कुणी आमेन म्हणालं नाही. जानेवारीच्या सभेत दारू सोडलेल्या त्या सात जणांतला एक जण दारात मला म्हणाला, "बाई, मग आम्ही कशाच्या जोरावर सोडली?" त्यानंतर जीप कधी आली नाही. कृपा नाताळाला फोन करते, गोळ्या वेळेवर घेतेस का विचारते. नातवंडं आजी म्हणतात. क्षमा केली असं ती म्हणालेली नाही, मी विचारलेलं नाही. दुर्कस चार वर्षांपूर्वी गेली.

पण नगरहून परतताना यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. एस.टी.त मी खिडकीशी होते, दुर्कस शेजारी. राहुरीपर्यंत मी पदर तोंडात धरून रडत होते. कंडक्टर तिकीट काढून पुढं गेला. समोरच्या बाईनं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग मी दुर्कसचा हात धरला. त्या घडीला मला खोटं चाललं असतं. मी तिच्याकडून तेच मागत होते.

"दुर्कस, कृपा करील का गं मला क्षमा?"

तिनं हात काढून घेतला नाही.

"मला माहीत नाही, सलू," ती म्हणाली.